चालू व्यवहारात वकील बदलण्याचा सशास्त्र विधी

पुण्यामुंबईकडे जुनी सदनिका विकत घेण्यास निघालेल्या मनुष्यास बाकी सर्व विषयांवरचा सल्ला विनामूल्य आणि न मागता मिळत असतो. दार पूर्वेस असावे की उत्तरेस, पाणी कॉर्पोरेशनचे की टँकरचे, सोसायटीचे सेक्रेटरी कोणत्या प्रकृतीचे गृहस्थ आहेत, यांपैकी काहीही सांगावयास कचेरीतले सहकारी आणि सासुरवाडीची मंडळी सदैव सिद्ध असतात. परंतु विसार देऊन झाला आहे, साठेखताचा मसुदा अर्धवट पडला आहे, आणि ज्याच्या भरवशावर आपण जन्माची पुंजी मोकळी करावयाची तो वकील तीन आठवडे फोन उचलत नाही, अशा प्रसंगी त्यास बदलावे कसे, याविषयी प्रमाणभूत असे काही आमच्या पाहण्यात नाही. ती उणीव अंशतः तरी दूर व्हावी, एवढाच प्रस्तुत लेखनाचा हेतू आहे.

प्रथम निदान. वकिलाच्या अज्ञानामुळे त्यास बदलल्याचे उदाहरण आमच्या ऐकिवात नाही, कारण ते अज्ञान ओळखण्याइतके कायदेज्ञान पक्षकारापाशी असते तर तो वकिलाची पायरी चढलाच नसता. वकील बदलला जातो तो त्याच्या मौनामुळे. आरंभी ‘साहेब कोर्टात आहेत’ असे कारकून सांगतो, आणि ते बहुधा खरेही असते. पुढे तेच वाक्य सायंकाळी साडेसातला ऐकू येऊ लागते. आणि ज्या दिवशी ते रविवारी ऐकावयास मिळेल, त्या दिवशी पक्षकाराने गांभीर्याने विचारास लागावे. मात्र सर्वच विलंब वकिलाच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे. दुय्यम निबंधकांच्या दप्तरातून ३० वर्षांचा शोध काढावयाचा असतो, सोसायटीच्या थकबाकी नसल्याच्या दाखल्यावर सही करणारे चेअरमन नातवंडांकडे अमेरिकेत गेलेले असतात, आणि विक्रेत्याच्या परदेशस्थ बंधूंचे मुखत्यारपत्र तिकडच्या आपल्या वकिलातीचा शिक्का घेऊन येईपर्यंत ऋतू पालटतो. ही कारणे नव्या वकिलाबरोबर नवी होत नाहीत. ती आहेत तशीच त्याच्या टेबलावर जाऊन बसतात.

याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, वकील बदला हे प्रथम सुचवले कोणी? येथे जरा थांबणे अवश्य आहे. सदनिका कैलासवासी वडिलांच्या नावे होती, त्यांनी सोसायटीत मुलाचे नामनिर्देशन केले होते, वडिलांच्या पश्चात भागपत्रावर मुलाचे नाव चढले, आणि आता तो मुलगा स्वतःस मालक समजून विक्रीस निघाला आहे, अशी स्थिती आपल्याकडे अत्यंत सामान्य आहे. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे विधवा, मुलगे आणि मुली हे सारेच अव्वल वर्गातले वारस ठरतात. नामनिर्देशनाने सोसायटीस कोणाशी व्यवहार करावा एवढे कळते, बाकीच्या वारसांचे हक्क त्याने बुडत नाहीत. सबब आपला मौनी वकील एक दिवस मौन सोडून म्हणतो, ‘दोन्ही बहिणींचे हक्कसोडपत्र नोंदवून आणा.’ विक्रेता हसून म्हणतो, ‘अहो, ताई काही बोलायची नाही हो!’ आणि एजंट आपणास जिन्यात बाजूला घेऊन कानाशी सांगतो, ‘वकील फार अडून बसणारा आहे, माझ्याकडे एक माणूस आहे, आठ दिवसांत रजिस्ट्रेशन करून देतो.’ तो माणूस खरोखरच आठ दिवसांत ते करून देईल, यात शंका नाही, कारण नोंदणी कार्यालय दस्ताची नोंद करते, विकणाऱ्याच्या मालकीची हमी घेत नाही. आणि न बोलणारी ताई नोंदणीनंतरच्या भाऊबीजेस बोलू लागते. तेव्हा वकील बदलण्याची सूचना विक्रेत्याच्या किंवा एजंटाच्या मुखातून आली असेल, तर लेखाचा पुढील भाग वाचू नये. आहे त्या वकिलास, त्याने फोन उचललाच तर, धन्यवाद द्यावेत.

ज्यांचे कारण शुद्ध आहे त्यांनी कायद्याची स्थिती जाणून घ्यावी. दावा चालू असता वकील बदलावयाचा तर १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे न्यायालयाची परवानगी लागते, आणि पूर्वीच्या वकिलाची संमती घेण्याचा व्यवसायशिष्टाचारही आहे. परंतु घराच्या खरेदीत वकीलपत्र कोठे दाखलच झालेले नसते, त्यामुळे ‘यापुढे आपली सेवा नको’ एवढ्या मजकुराचे एक पत्र पुरते. कागदांचे म्हणाल तर इंग्लंडातील सॉलिसिटरास फी चुकती होईपर्यंत पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येतात, पण आपल्याकडे वकिलास तसा अधिकार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिलेला आहे. कागद दाबून धरणे हे व्यावसायिक गैरवर्तन होय, असेही त्यात सांगितले आहे. हा निकाल अत्यंत स्पष्ट आहे. तो वकिलाच्या कारकुनाने वाचलेला नसतो, एवढेच त्यात न्यून.

आता मुहूर्त. विसार देण्यापूर्वी वकील बदलणे सर्वोत्तम, आणि म्हणूनच ते कोणी करीत नाही. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन झाल्यावर बदलणे म्हणजे अंतरपाट धरल्यावर भटजी बदलण्यासारखे आहे, कारण ‘कोणाची हरकत असल्यास चौदा दिवसांच्या आत कळवावे’ या मजकुराखाली नाव व पत्ता जुन्या वकिलाचा छापलेला असतो, आणि तेथे येऊन पडलेली हरकत आपणापर्यंत पोहोचवण्याचा उत्साह त्यास असेलच असे नाही. तेव्हा चौदा दिवस पुरे होऊ द्यावेत आणि काहीही आलेले नाही, किंवा काय आले आहे, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे. दस्तावर सह्या होऊन गेल्या असतील तर मग रुसवा आवरावा. सहीपासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीस हजर करावा लागतो, त्यापुढे आणखी चार महिन्यांची सवलत मिळते ती नोंदणी फीच्या दहापटीपर्यंतच्या दंडासह, आणि वकिलांचे आपसांतले मानापमान हे या दोन्ही मुदतींतून वजा होत नाहीत.

दप्तर परत आणण्यास स्वतः जावे, मुलास पाठवू नये. जाताना कागदांची यादी दोन प्रतींत न्यावी: पूर्वीचे खरेदीखत, इंडेक्स टू, भागपत्राची प्रत, भोगवटा प्रमाणपत्र, मिळकतकराची पावती, शोधाची चलने, विसारपावती, जाहीर नोटिशीची कात्रणे. एका प्रतीवर कारकुनाकडून पोहोच घ्यावी, तारखेसह. पांढऱ्या लेसने बांधलेली ती फिकट फाईल तो तिसऱ्या कपाटातून काढतो, त्याच लेसने बांधलेली दुसऱ्याच कोणाची कोथरूडची सातबाऱ्याची नक्कल तीत सापडते, आणि आपले भोगवटा प्रमाणपत्र कोठे गेले असेल याचा साधारण अंदाज येतो. नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर दस्ताची माहिती भरून झाली असेल तर तिचा क्रमांक आणि पासवर्ड तेथेच लिहून घ्यावा. तो टायपिंग करणाऱ्या मुलास पाठ असतो, आणि मुलगा पुढच्या सोमवारी नोकरी सोडून जाणार असतो.

नवा वकील प्रथम फाईल उलटसुलट पाहतो, चष्मा काढतो, आणि विचारतो, ‘हे कोणी केलंय?’ या प्रश्नास उत्तर अपेक्षित नसते. ते देऊ नये. शोध पुन्हा घ्यावा लागेल, मसुदा मुळापासून करावा लागेल, आणि पूर्वीच्या मसुद्यातील पार्किंगचे कलम हास्यास्पद आहे, असे तो सांगेल. यांपैकी पार्किंगविषयी तो बहुधा बरोबर असतो. शोध पुन्हा घेण्यास मात्र आनंदाने संमती द्यावी, कारण दुसऱ्याच्या अहवालावर सही करणारा वकील पहिल्याहून बरा, असे समजण्यास काही आधार नाही. बँकेचे कर्ज असल्यास तिचा पॅनेलवरचा वकील हा तिसरा. त्याची फी आपणच देतो, तरी तो आपला नसतो. बदलाची वार्ता विक्रेता, त्याचा वकील आणि बँक यांस एकाच दिवशी लेखी कळवावी, अन्यथा मसुद्यातील दुरुस्त्या महिनाभर जुन्या पत्त्यावर नियमितपणे जात राहतात. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल तर विक्रेत्यास देण्याच्या रकमेतून एक टक्का प्राप्तिकर कापून तो सरकारात भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची. ही गोष्ट पहिल्याने सांगितली असेल असे दुसरा धरून चालतो, आणि दुसरा सांगेल असे पहिल्याने धरलेले असते.

राहता राहिला जुन्या वकिलाचा निरोप. झालेल्या कामाचे बिल मागून घ्यावे व चुकते करावे. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचून दाखवण्यापेक्षा चेक पुढे करणे एकंदरीत स्वस्त पडते, आणि फाईलही त्याच भेटीत हाती येते. कारण म्हणून ‘आपल्या कामावर आम्ही नाखूष आहोत’ हे सत्य सांगण्याची आवश्यकता नाही. ‘घरातलाच भाचा नुकताच वकील झालाय, बहिणीचं मन मोडवेना’ हे कारण महाराष्ट्रात सर्वत्र मान्य आहे. त्यावर वकीलसाहेब चहा मागवतात आणि भाच्यास आशीर्वादही देतात. फक्त नवा वकील निवडताना त्याच्या वयाकडे लक्ष असू द्यावे, कारण दोघेही दुपारी त्याच बाररूममध्ये बसतात, आणि भाचा सदुसष्ट वर्षांचा निघाल्यास पुढच्या भेटीत त्यास मामा करून घ्यावे लागते.