चोवीस तासांचा पाहुणा

चिनी खेड्यात राहणारा परदेशी माणूस एकाकी असतो, हा निव्वळ गैरसमज. हॉटेलाऐवजी घरात उतरला की 24 तासांच्या आत पोलिसांकडे नोंद, असं 2013 पासून लागू असलेला कायदा सांगतो. एवढ्या तत्परतेने सख्खे पाहुणेरावळेही चौकशी करत नाहीत. पुढे गंमत आहे. तो ठाण्याला ठाऊक, भाजीवालीला ठाऊक, कांदे किती घेतो हे गल्लीलाही ठाऊक. फोनवरच्या कित्येक अ‍ॅपमधल्या अर्जांना तेवढा ठाऊक नाही, कारण रकाना 18 अंकी नागरिक क्रमांकाचा आणि पासपोर्टचा क्रमांक पडतो तोकडा! फोनवरून पैसे देता येत नाहीत म्हणून रोख द्यावी, तर सुट्या पैशांची बोंब.

कोणी म्हणेल, सुरक्षेसाठी हे हवंच, आणि आपण तरी कुठे वेगळे? मान्य, परदेशी पाहुणा ठेवणाऱ्याला आपल्याकडेही 24 तासांत तसा फॉर्म भरावा लागतो. पण तक्रार नोंदीबद्दल नाहीच. नोंदवायची घाई आणि नोंदवलेल्याला ओळखायची टाळाटाळ, हा व्यवहार एकतर्फी आहे. परक्याला आपलं मानणं तिथे नवं नाही: सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1942 साली चीनच्या हेबेई प्रांतातच वारले; शेवटपर्यंत तिथल्या खेड्यांत शस्त्रक्रिया करत होते. युद्धाचा काळ होता, तुलना ताणू नये. तरी ज्या देशाने वेगवान रेल्वेचं जाळं विणलं, त्याने अर्जात पासपोर्टचा एक रकाना वाढवायला हरकत नसावी.