सध्या चालू आहे

शेजारच्या घरात आज काय शिजतंय हे फोडणीच्या वासावरून कळतं. शेजारी काय वाचतोय हे मात्र त्यानेच सांगावं लागतं, आणि काही माणसं ते सांगण्याची इतकी काळजी घेतात की वाचायला वेळ उरत नाही. ही माणसं गावोगाव आहेत. पुण्याला अप्पा बळवंत चौकात आहेत, नाशकात आहेत, नागपुरात आहेत, डोंबिवलीकडून सुटणाऱ्या लोकलमध्ये तर डब्यागणिक एखादा असतो. मी ज्यांच्याबद्दल सांगणार आहे ते ठाण्याचे. आम्ही आपसात त्यांना 'सध्याकाका' म्हणतो. समोर नुसतं काका.

काका बँकेतून निवृत्त झालेले. खादीचा झब्बा, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीवर कुठल्याशा साहित्य संमेलनाचं बोधचिन्ह. धुऊन धुऊन त्यातली लेखणी गेली, दौत तेवढी राहिली आहे. पिशवीत पाण्याची बाटली, छत्री, गोळ्यांची डबी. पुस्तक कधीच पिशवीत नसतं, ते हातात असतं. आणि असं धरलेलं की मुखपृष्ठ समोरच्याला दिसावं, बोटं लेखकाच्या नावावर येऊ नयेत. ही पकड वाटते तेवढी सोपी नाही. करून बघा, मनगट भरून येतं. टीएमटीच्या गर्दीत एका हाताने दांडी धरून काका ती घोडबंदर रोडपासून स्टेशनपर्यंत सांभाळतात.

लोक भेटले की तब्येत विचारतात. काका विचारतात, "काय, सध्या काय वाचताय?" हा प्रश्न आहे असं समजू नका. ती त्यांच्या उत्तराची प्रस्तावना असते. तरी भाबडेपणाने तुम्ही एखादं नाव घेतलंत, तर पुढचं ठरलेलं आहे. 'पानिपत' म्हणालात तर, "ठीक आहे हो, पण 'झाडाझडती' वाचलीत का? खरे विश्वास पाटील तिथे आहेत." म्हणून पुढच्या रविवारी 'झाडाझडती' घेऊन जावं, तर खरे विश्वास पाटील पुन्हा पानिपतावर गेलेले असतात. 'मृत्युंजय' म्हणणाऱ्याकडे बघून ते नुसतेच हसतात आणि त्याच्या मुलांची चौकशी करतात. जी. एं.चं नाव निघालं तर आवाज खाली येतो, नजर लांब जाते आणि "हं... धारवाड..." एवढंच ऐकू येतं. अनुवाद वाचत असाल तर "मुळातून वाचा". मुळातून इंग्रजी वाचत असाल तर "आपल्याकडे काय कमी आहे?" मात्र "सध्या काहीच नाही हो, वेळच होत नाही," असं म्हणालात तर तुमच्यासारखा सज्जन दुसरा नाही. पुढची वीस मिनिटं मग तुमची राहत नाहीत.

काकांनी कुठलंही पुस्तक पहिल्यांदा वाचलेलं माझ्या ऐकिवात नाही. "'कोसला' परत वाचतोय." "'बलुतं' परत काढलंय." "'स्मृतिचित्रे' परत हातात घेतलंय, दर वेळी वेगळंच दिसतं." पहिलं वाचन कधी झालं याचा उल्लेख नाही. ते कुठेतरी बदलीच्या गावी, कंदिलाच्या उजेडात होऊन गेलं असावं असं आपण समजायचं. 'कोसला' आली १९६३ साली, तेव्हा काका फार तर दुसरीत असतील. पण असले हिशेब बँकेच्या माणसाला विचारू नयेत. पुण्याच्या पुस्तक महोत्सवातून आदल्या दिवशी आणलेलं, शाईचा वासही न गेलेलं पुस्तक ते "परत चाळतोय" म्हणाले, तेव्हा मात्र सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

त्यांचा सगळ्यात लांबलेला मुक्काम भालचंद्र नेमाड्यांच्या 'हिंदू'वर आहे. कादंबरी २०१० साली आली. त्याच वर्षी डिसेंबरात चौऱ्याऐंशीवं साहित्य संमेलन ठाण्यात भरलं, आणि काकांनी तिथल्या ग्रंथप्रदर्शनातून ती सवलतीत उचलली. तेव्हापासून चालू आहे. मध्ये नेमाड्यांना २०१४ चं ज्ञानपीठ जाहीर झालं त्या आठवड्यात खुणेची जागा बदललेली दिसली, म्हणजे प्रगती नाही असं नाही. खूण म्हणजे एका लग्नपत्रिकेची कापलेली पट्टी, पानांतून 'चि. सौ. कां.' एवढंच डोकावतं. त्या चि. सौ. कां.चा थोरला आता सहावीत गेला. कुणी खवचटपणे विचारलंच, तर काका शांतपणे सांगतात, "अहो, चार कादंबऱ्यांतली ही पहिली. पुढच्यांची लेखकाला घाई नाही, मला कशाला?" यावर काय बोलणार?

आमचा वाचनकट्टा तलावपाळीवर भरतो, गडकरी रंगायतनच्या बाजूला, रविवारी सकाळी. दहाबारा माणसं असतात. प्रत्येकाने पाच मिनिटं सध्या काय वाचतोय ते सांगायचं, मग चहा, आणि ज्यांना पित्ताचा त्रास नाही त्यांनी मिसळ खायला जायचं. कुणी बोलत असताना मध्ये बोलायचं नाही असा नियम आहे. तो काटेकोर पाळला जातो, कारण जो तो आपापल्या पाच मिनिटांची जुळवाजुळव करत असतो. ऐकायचं काम तलावातल्या बोटवाल्यांवर सोपवलेलं आहे.

काकांची पाच मिनिटं मात्र मीही ऐकतो. पुस्तकात शिरायच्या त्यांच्या वाटा ठरलेल्या आहेत: मलपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, पहिलं प्रकरण, आणि मग मधलंच कुठलंतरी एक पान. खरी करामत त्या पानात आहे. "एकशे त्र्याहत्तराव्या पानावर काय म्हटलंय बघा," असं म्हणून काका चष्मा चढवतात आणि एक परिच्छेद असा वाचतात की चणेवालाही थांबतो. पानाचा आकडा सांगून वाचणाऱ्यावर शंका कोण घेणार? एकदा नव्याने आलेल्या एका बाईंनी विचारलं, "पण काका, शेवटी तिचं होतं काय?" सगळे गप्प. काकांनी पुस्तक मिटलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "ताई, शेवट सांगून मी तुमचा आनंद हिरावून घेणार नाही." टाळ्या पडल्या. बाईंनीसुद्धा वाजवल्या.

मधल्या वारी गटावर फोटो येतो. पुस्तक, शेजारी वाफाळता चहा, पुस्तकावर चष्मा, खाली 'आजची सोबत'. पाठोपाठ 'वा!', 'संग्राह्य', 'उत्तम निवड' आणि जोडलेले हात. चष्मा पुस्तकावर ठेवल्यावर सोबत कशी होते, हे विचारायचं धाडस अजून कुणाला झालेलं नाही.

मध्यंतरी सतीश काळसेकरांचं 'वाचणाऱ्याची रोजनिशी' काकांच्या हाती लागलं. काळसेकर हाडाचे वाचणारे. पुस्तकं आणि ती वाचणं यावरच त्यांनी हे अख्खं पुस्तक लिहिलं, आणि २०१३ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एका पुस्तकाच्या पोटात इतकी पुस्तकं बघून काकांच्या डोळ्यांपुढे वर्षभराचे रविवार उजळले. मग निरंजन घाट्यांचं 'वाचत सुटलो त्याची गोष्ट'ही आलं. "ही दोन वाचली की..." असं वाक्य त्यांनी सुरू केलं आणि तसंच सोडून दिलं. पुढचं आम्हाला न सांगता कळलं.

ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचं आहे, याचा काकांना केवढा अभिमान! बाहेरगावच्या पाहुण्याला ते आवर्जून सांगतात. स्वतः मात्र वाचनालयातून पुस्तक घरी नेत नाहीत. तिथे परतीची तारीख असते, आणि जे पुस्तक अमुक तारखेला परत करायचं ते 'सध्या' राहू शकत नाही. दिवाळी अंकांपुरता ते अपवाद करतात. एकरकमी वर्गणी भरली की अंक आळीपाळीने घरी नेता येतात, ही आपल्याकडची झकास सोय. दर वर्षी पहिला अंक हातात घेताना काका सांगतात की पहिला दिवाळी अंक १९०९ सालचा, का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'चा. दर वर्षी आम्ही नव्याने थक्क होतो. अंक ते अनुक्रमणिकेवरून जोखतात. "यंदा कथा बेताच्या आहेत," हे मत भाऊबिजेच्या संध्याकाळी तयार असतं.

आता प्रश्न असा की सगळंच सध्या का? पूर्ण एकही का नाही? आळस म्हणावं, तर हा गृहस्थ पहाटे पाचला तलावाला चार फेऱ्या घालतो. याचा उलगडा मला त्यांच्या घरी, पुस्तकांच्या कपाटापुढे झाला.

आपल्याकडे वाचून झालेलं पुस्तक मागता येतं. वाचत असलेलं मागणं शिष्टाचारात बसत नाही. "तुमचं झालं असेल तर द्या ना दोन दिवस," ही मागण्याची रीत, आणि सगळी मेख 'झालं असेल तर' मध्ये. काकांचं होतच नाही. कपाटातल्या झाडून सगळ्या पुस्तकांत खूण आहे: बसचं तिकीट, औषधांच्या दुकानाची पावती, वीजबिलाचा तुकडा, बँकेच्या जुन्या स्लिपा. मी 'रणांगण'कडे हात नेला. "ते चालू आहे हो." शेजारच्याकडे नेला. "तेही." खालच्या कप्प्यात 'गीतारहस्य' होतं, त्यात एक पिवळी पडलेली टेलिफोनची पावती, त्यावर जो नंबर होता त्याला आकडे सहाच होते. "ते तर चालूच आहे." तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "आमच्याकडे सगळं चालूच असतं. बंद पडलाय तो फक्त मिक्सर."

दुसऱ्यांच्या पुस्तकांनाही हाच न्याय. माझी 'बनगरवाडी' काकांनी नेली. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी इतकी आटोपशीर आहे की दुपारी हातात घ्यावी आणि दिवेलागणीला मिटावी. मी अधूनमधून आठवण करतो. "चालू आहे," काका म्हणतात, "घाईने उरकायचं पुस्तक नव्हे ते." कादंबरीतला मास्तर बहुधा अजून वाडीच्या वाटेवरच असावा. शेवटी मी नवी प्रत विकत आणली. ती माझ्या हातात बघून काका प्रसन्न झाले. म्हणाले, "अरे वा! परत वाचताय?"

एवढं सगळं सांगूनही मी कट्टा सोडलेला नाही, त्याला कारण आहे. एका रविवारी काका 'रणांगण'वर बोलले. विश्राम बेडेकरांची १९३९ ची कादंबरी: युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर देशोधडीला लागलेले ज्यू, आणि युद्ध दाराशी आलेलं. काका त्या बोटीच्या डेकबद्दल असे बोलले की तलावपाळीवर बसल्या बसल्या खारा वारा लागला. आठवड्यात चौघांनी पुस्तक मिळवलं. लहानसंच आहे, चौघांनी ते संपवलंसुद्धा. पुढच्या रविवारी मंडळी वेळेआधी हजर. वर्तमानपत्रापलीकडे काही न वाचणारे एक सेवानिवृत्त अभियंते कादंबरीतल्या हॅर्टाबद्दल बोलताना मध्येच थांबले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. कुणीतरी शेवटच्या प्रकरणाचा विषय काढला. काका घाईघाईने उठले. "थांबा, थांबा, सगळं सांगून टाकू नका! माझं सध्या चालू आहे."

त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा त्यांना हसलो नाही. चाळीस पानं वाचलेल्या माणसाच्या मनात पुस्तकाबद्दल तक्रार नसते. तक्रारी सुरू होतात त्या शंभराच्या पुढे: मधला भाग लांबलाय, शेवट गुंडाळलाय, मुद्रितशोधन नीट नाही. पूर्ण वाचणारा आपल्याला हे सगळं सांगतो आणि आपण ते पुस्तक आणायचं लांबणीवर टाकतो. काका चाळिसाव्या पानावर उभे राहून बोलतात, तिथून पुढचं सगळं अजून चांगलंच असतं. आमच्या कट्ट्यावर 'स्मृतिचित्रे' अथपासून इतिपर्यंत वाचलेली निदान तीन माणसं आहेत, आणि तिघांनाही त्याची गोडी ज्यांनी लावली ते अजून प्रस्तावनेतच आहेत. अभियंते तर आता माडगूळकरांवर आलेत. काकांनी सांगितलं म्हणून.

असे एखादे काका, किंवा काकू, तुमच्याही गावात असतील. त्यांना टाळून पलीकडच्या फुटपाथने जाऊ नका. ते सांगतील ते नाव तिथल्या तिथे लिहून घ्या, पुस्तक विकत किंवा वाचनालयातून आणा, आणि आणलेलं त्यांच्या नजरेला पडू देऊ नका. काय वाचताय असं त्यांनी विचारलंच, तर "सध्या काहीच नाही हो," म्हणा आणि वीस मिनिटं मोकळी ठेवा.