पंक्चर कुणाचं, पिशवी कुणाची

नऊ किलोची सायकल घ्यावी की साडेआठ किलोची, यावर मी दुकानात तासभर घोळ घातला होता. शेवटी अर्ध्या किलोसाठी भरपूर पैसे जास्त मोजून हलकी सायकल घरी आणली आणि तिच्या सीटखाली पंक्चरच्या सामानाची पिशवी लटकवली. परवा ती पिशवी सहज वाण्याच्या काट्यावर ठेवून पाहिली. एक किलो तीनशे ग्रॅम! वाणी म्हणाला, "काय आहे, खजूर?"

खजूर असता तर निदान वाटेत खाता आला असता.

आमच्या लहानपणी पंक्चर ही सायकलच्या दुकानदाराची जबाबदारी होती. पुण्यात तेव्हा चौकाचौकात सायकलचं दुकान. दारात गढूळ पाण्याचं घमेलं आणि साखळीनं बांधलेला पंप. हवा गेली की आधी बोटावर थुंकी घेऊन व्हॉल्व्हला लावायची. बुडबुडा आला तर नवी वालट्यूब, नाही आला तर पंक्चर. निदान पूर्ण. पुढचं सगळं दुकानदार बघायचा आणि आपण शेजारी उभं राहून शाळेला उशीर झाल्याचा आनंद घ्यायचा.

मधल्या काळात स्कूटर आली, पोट आलं, आणि ते कमी करायला पुन्हा सायकल आली. पण ही नवी सायकल लहानपणीच्या सायकलला ओळख देत नाही. तिचा व्हॉल्व्ह वेगळा, नाव प्रेस्टा. बारीक, लांब, टोकाला इवलीशी चकती. ती आधी सैल करायची, मग हवा भरायची. हे मला ठाऊक होतं. सासवडच्या अलीकडे टायर टांगून बसलेल्या दुकानदाराला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्याच्याकडे ट्रकला हवा मारायचा कॉम्प्रेसर होता. त्यानं नळीचं तोंड माझ्या व्हॉल्व्हवर इकडून तिकडून लावून पाहिलं आणि हळहळून म्हणाला, "साहेब, याचा वॉल मोडलाय. आतली तेवढी तार राहिलीय."

"मोडलेला नाही, असाच असतो."

"असाच दिला तुम्हाला दुकानदारानं?"

त्या दिवशी मी दिवे घाट सायकल हातात धरून उतरलो. समोरून चढणारे सायकलवाले "चढताना दमलात का काका?" असं विचारत होते. दुसऱ्या दिवशी पितळेचा अडॅप्टर आणला. तो व्हॉल्व्हवर बसवला की कुठल्याही पंपावर हवा भरता येते. आकारानं वाटाण्याएवढा असल्यामुळे तो हरवतो, म्हणून मी तीन आणले. पिशवीत पडलेली ही पहिली वस्तू. तिथून पुढे पिशवी याच रीतीनं भरत गेली. पुढच्या पंक्चरची तयारी मी कधी केलीच नाही, नेहमी मागच्या पंक्चरची केली.

लिव्हर असेच आले. टायर रिममधून सोडवायला प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या लागतात. त्या नव्हत्या तेव्हा मी मिसळीच्या हॉटेलातून दोन चमचे मागून घेतले. टायर निघाला, पण टायर परत चढवताना चमच्याच्या कडेखाली नवी ट्यूब चिमटली आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडली. हॉटेलमालकानं वाकलेले चमचे उजेडात धरून बघितले आणि मिसळीच्या बिलात मिळवले.

नंतर गॅसचं नळकांडं आलं. हाताच्या छोट्या पंपानं रोड सायकलचं चाक टणक करायला तीनशेच्या वर झटके मारावे लागतात आणि दीडशेनंतर खांदा राजीनामा देतो. त्यावर उपाय म्हणजे सोळा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड भरलेलं, अंगठ्याएवढं पोलादी नळकांडं. व्हॉल्व्हवर लावा, पिळा, काही सेकंदांत चाक दगड. सिंहगडाच्या पायथ्याला, डोणज्यात, सगळा ग्रुप कांदाभजी खात असताना मी प्रात्यक्षिकाला उभा राहिलो. तोंड नीट बसलं नव्हतं. सगळा गॅस भज्यांच्या दिशेनं गेला. नळकांड्यावर पांढरं दंव जमलं आणि माझी दोन बोटं बधिर झाली. दुसरं नळकांडं मात्र बसलं, टाळ्याही पडल्या. रात्री समाधानानं झोपलो. सकाळी चाक पुन्हा चपटं! बादलीत ट्यूब इंच इंच फिरवून भोक शोधलं, ते नव्हतंच. कार्बन डायऑक्साइड ट्यूबच्या रबरातून हवेपेक्षा कितीतरी वेगानं झिरपून जातो, तेव्हा घरी आल्यावर तो काढून साधी हवा भरायची असते, हे मला नंतर कळलं. बाथरूम पुसून झाल्यावर.

या सगळ्यावर कळस चढला तो जेजुरी-मोरगाव रस्त्यावर. कडेला वेडी बाभूळ माजलेली. मागचं चाक बसलं. आता माझ्याकडे लिव्हर होते, नवी ट्यूब होती, पंप होता. मी शीळ घालत ट्यूब बदलली, हात रुमालाला पुसले आणि दोनेक किलोमीटरवर चाक पुन्हा बसलं. टायरमध्ये काट्याचं टोक तसंच होतं. बाभळीचा काटा बाहेरून मोडतो आणि आत तिळाएवढा उरतो, बघून दिसत नाही. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवायचं, एवढं हे शास्त्र. मग मी बोट फिरवलं, काटा सापडला, बोटातच सापडला. आता पॅच. भोक शोधायला पाणी नव्हतं, बाटलीत लिंबू-सरबत. ट्यूब फुगवून गालाजवळून फिरवली की हवेचा बारीक फुत्कार लागतो, तो लागला. काचकागदानं जागा घासली. सोल्यूशनच्या ट्यूबला टाचणी टोचली, दाबली, मुळापासून गुंडाळत आणली. आत काही नव्हतं. ही ट्यूब एकदा उघडली की पुढच्या वेळेपर्यंत हमखास सुकते. मी ती हौसेनं घरी एकदा उघडून पाहिली होती.

दुधाच्या टेम्पोवाल्यानं कॅनच्या मधे मला आणि सायकलला बसवलं. वाटेत त्यानं तो प्रश्न विचारलाच, जो महाराष्ट्रातला प्रत्येक माणूस अशा सायकलला विचारतो. मी किंमत निम्मी करून सांगितली. तरी त्यानं मागे वळून बघितलं.

"एवढ्यात सेकंडहँड मोटरसायकल येती की."

मी गप्प.

"आन् तिचं पंचर कुनीबी काढतं."

मिशेलिन बंधूंची आठवण मला अशा वेळी येते. पूर्वी टायर रिमला चिकटवलेला असे, पंक्चर काढायला तास न् तास जात आणि चिकटवल्यावर रात्रभर वाळवावं लागे. 1891 मध्ये त्यांनी सुटा होणारा टायर आणला. पुढच्याच वर्षी पॅरिस ते क्लेरमाँ-फेराँ अशी शर्यत भरवली आणि पंक्चर किती झटकन निघतं हे जगाला दिसावं म्हणून वाटेवर गुपचूप खिळे टाकले. आपल्याकडे लोक पंक्चरवाल्यावर असा संशय घेतात. तिथं तर आयोजकांनीच काम केलं. आणि 1886 मध्ये उंच चाकाच्या सायकलवरून हिंदुस्थानातून गेलेला थॉमस स्टीव्हन्स? त्याचे टायर भरीव रबराचे. हवाच नाही, मग जाणार काय! त्या माणसाचा मला मत्सर वाटतो.

आमच्या ग्रुपमधले ट्यूबलेसवाले स्वतःला त्याच्याच वंशातले समजतात. टायरमध्ये दुधासारखं सीलंट ओततात, भोक पडलं की ते आपोआप बुजतं. ही मंडळी माझ्या पिशवीकडे दयेनं बघतात. एप्रिलमध्ये त्यांचं सीलंट आतल्या आत वाळतं, आणि मे महिन्यात ती माझ्याकडे ट्यूब मागायला येतात.

पण माझा खरा प्रश्न आहे तो एका मित्राचा. तो काहीच नेत नाही. खिशात मोबाइल आणि दहाची नोट. पंक्चर झालं की सायकल उलटी करतो आणि सावलीत उभा राहून मी येण्याची वाट बघतो. मी येतोच. लिव्हर माझे, ट्यूब माझी, गुडघेही माझेच टेकलेले. "तुला आवडतं ना हे सगळं," असंही वर म्हणतो. त्याच्या हातून आजवर एकच मदत झाली. महामार्गावर ट्रकच्या फुटक्या टायरची तार लागून माझ्या टायरला चीर पडली होती. आतून ट्यूब फुगा होऊन बाहेर डोकावत होती. त्यानं आपली दहाची नोट काढली, मी चौघडी करून चिरेच्या आत बसवली आणि त्या नोटेवर घरापर्यंत आलो. कागदी नोट हे काम खरंच चोख करते. संध्याकाळी त्याचा मेसेज आला: "नोट निघाली का?"

गेल्या आठवड्यात मी पिशवी हलकी करायची असं ठरवून सामान पलंगावर मांडलं. दोन अडॅप्टर काढून ठेवले आणि लगेच परत घातले. सुकलेली सोल्यूशनं काढली, नवी घातली. खजुराचा विचार करत होतो, तेवढ्यात त्याचा फोन.

"दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला नाव दिलंय मी. साडेतेरा तासांत पूर्ण करायची. नियम कडक आहेत, मागे गाडी चालत नाही, स्वारानं पूर्ण स्वावलंबी असायला लागतं."

मला गहिवरून आलं. म्हटलं, "म्हणजे आता तू पंप घेणार?"

"छे! म्हणून तर तुझंही नाव दिलंय."