गृहस्थासाठी दारुमूर्तिविचार

लाकडात कोरलेली देवमूर्ती घरात आणू इच्छिणाऱ्या गृहस्थाने, ज्याला येथून पुढे ‘यजमान’ म्हटले आहे, प्रथम हे ध्यानात घ्यावे की शास्त्राने त्याची कोठेही अडवणूक केलेली नाही. भागवत पुराणाच्या अकराव्या स्कंधात प्रतिमांचे जे आठ प्रकार सांगितले आहेत, त्यांत दगडाच्या प्रतिमेपाठोपाठ दारुमयी, म्हणजे लाकडाची, प्रतिमा येते आणि धातू, लेप, चित्र, वाळू, मन व रत्न यांचा क्रम तिच्यानंतर लागतो. यांपैकी मनोमयी प्रतिमा बिनखर्चाची असून तिच्यावर धूळही बसत नाही. परंतु ती पाहुण्यांना दाखवता येत नसल्यामुळे तिचा विचार येथे केलेला नाही.

पहिला प्रश्न झाडाचा. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त मूर्तीसाठी झाड निवडण्याकरिता वनात कसे शिरावे यावर एक स्वतंत्र अध्याय खर्ची घातला आहे. त्यानुसार स्मशान, वाट, देऊळ, वारूळ, बाग व आश्रम या ठिकाणची झाडे वर्ज्य ठरतात, पक्ष्यांची घरटी असलेले झाडही चालत नाही, आणि तोडण्यापूर्वी झाडावर वस्ती करून असलेल्या भूतांना नैवेद्य दाखवून अन्यत्र जाण्याची विनंती करावी लागते. याउलट पुरीच्या जगन्नाथाच्या ‘नवकलेवरा’त, म्हणजे ज्या वर्षी आषाढ अधिक येतो अशा ठरावीक वर्षी जुने विग्रह बदलून नवे घडवण्याच्या विधीत (अलीकडचे दोन 1996 आणि 2015 साली झाले), जो कडुलिंब शोधला जातो त्याच्याजवळ स्मशान असावे, वारूळ असावे आणि मुळाशी नागाचे बीळ असावे अशीच अपेक्षा असते. या दोन परंपरांचे घरट्याबाबत एकमत आहे, स्मशानाबाबत नाही. यजमानाने या वादात पडू नये, कारण पुण्याच्या भवानी पेठेतील लाकडाच्या वखारीत ‘झाड कोणत्या दिशेला पडले’ असे विचारल्यास उत्तरादाखल दिशा नव्हे, दर सांगितला जातो. वराहमिहिराने कोणत्या वर्णाने कोणते लाकूड वापरावे याचीही यादी दिली आहे. तीही खुशाल बाजूला ठेवावी, वखारीत माणसाची जात विचारत नाहीत, घनफूट विचारतात.

लाकडाच्या जाती मात्र खरोखर समजून घेण्याजोग्या आहेत. सावंतवाडीचे कारागीर पांगाऱ्याचे हलके, मऊ लाकूड वापरत आले आहेत. त्यावर कोरीवकामापेक्षा रंगकाम आणि लाखकाम अधिक खुलते. आंध्रातील कोंडपल्लीचे दशावतार ‘तेल्ला पोनिकी’ या तशाच हलक्या लाकडाचे असतात. तामिळनाडूतील अरुंबावूर आणि कल्लकुरिची येथील शिल्पी शिरीष, आंबा, शिसव अशा लाकडांत काम करतात आणि तेथील मूर्ती दागिन्यांच्या बारकाव्यांसह घडतात. कर्नाटकात सागर व सोरब या भागांतील गुडीगार समाज चंदनावरील कोरीवकामासाठी प्रसिद्ध आहे. चंदनाच्या बाबतीत यजमानाची सर्वाधिक फसगत होते, कारण चंदनाचा सुगंध त्याच्या गाभ्यात असतो, बाहेरच्या पांढऱ्या लाकडात नसतो, आणि बाजारात तो बहुधा बाटलीत असतो. मूर्तीच्या तळाशी, जेथे पॉलिश पोहोचत नाही तेथे, थोडे खरवडून वास घ्यावा. विक्रेता हे करू देत नसल्यास वास घेण्याची गरज उरत नाही.

आकाराचे गणित सोपे असूनही ते कोणी करत नाही. मत्स्य पुराणाच्या मते घरातील प्रतिमा अंगठ्याच्या पेरापासून एक वीत, म्हणजे बारा अंगुळे, एवढीच असावी. वराहमिहिराचे सूत्र असे की दाराच्या उंचीतून आठवा भाग वजा करावा, उरलेल्याचे तीन भाग करावेत, एक भाग पीठाला, म्हणजे बैठकीला, आणि दोन भाग मूर्तीला द्यावेत. हे सूत्र देवळाच्या दारासाठी असले तरी सदनिकेतील देव्हाऱ्याला लावता येते: दार बारा इंचांचे असल्यास साडेतीन इंचांची बैठक आणि सात इंचांची मूर्ती. हे दोन्ही ग्रंथ एकमेकांशी इतके जुळतात की यजमानाला पळवाट राहत नाही. तरीही तो दक्षिणेच्या सहलीहून तीन फुटांचा नटराज घेऊन येतो, ज्याला साजेल असे दार संपूर्ण सदनिकेत फक्त स्नानगृहाला असते. अशा मूर्तीसाठी शास्त्रात स्थान नसल्याने ती चपलांच्या कपाटाशेजारी उभी राहते आणि घरातील सर्वजण तिला ‘शोभेची’ म्हणू लागतात. येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. जिच्यावर प्राणप्रतिष्ठेचा संस्कार झाला आणि जिचे डोळे सर्वांत शेवटी विधिपूर्वक उघडले (यास नेत्रोन्मीलन म्हणतात), ती मूर्ती देव असते. जिच्यावर यांपैकी काही झाले नाही, ती कलावस्तू असते. यजमानाने हा निर्णय पैसे देण्यापूर्वी घ्यावा. देवाची कलावस्तू करणे अवघड, आणि कलावस्तूचा देव तर आजी कोणाला न विचारता, केवळ एक फूल वाहून, करून टाकते.

‘हाताने कोरलेली’ या शब्दांचा अर्थ आज थोडा सैल झाला आहे, कारण संगणकाच्या सूचनेवर फिरणारे कोरणी यंत्र एका दिवसात अनेक गणपती काढते आणि त्यांच्यावर शेवटी कानस व पॉलिश पेपर हातानेच फिरवला जातो. दुकानात दोन मूर्ती शेजारी ठेवून पाहाव्यात. सोंडेच्या वळ्या दोहोंत तंतोतंत सारख्या असतील तर शिल्पी एक तर महायोगी आहे किंवा विजेवर चालतो. यंत्राची फिरती पाती खोल बेचक्यात शिरत नाही, म्हणून कानामागचा आणि हारामागचा भाग बोथट, गोलसर राहतो. पटाशीने आणि मोगरीने, म्हणजे लाकडी हातोड्याने, केलेल्या कामात तेथेच हाताच्या खुणा सापडतात. ‘एकाच ओंडक्यातून’ हा दावा तपासायचा तर मूर्ती उलटी करावी आणि लाकडाचे रेषे बैठकीपासून मुकुटापर्यंत सलग जातात का ते पाहावे. सरस आणि भुसा यांनी भरलेला सांधा पॉलिशखाली लपतो, पण रेषे खोटे बोलत नाहीत.

मूर्ती सांगून घडवून घेणाऱ्या यजमानासाठी इंद्रद्युम्न राजाची कथा पुरेशी आहे. पुरीच्या आख्यायिकेनुसार वृद्ध सुताराच्या रूपातील विश्वकर्म्याने बंद दाराआड काम करण्याची अट घातली होती. आतून आवाज येईनासा झाल्यावर दार अवेळी उघडले गेले आणि विग्रह हातापायांविना राहिले. आजचा यजमान दाराऐवजी व्हॉट्सॲप उघडतो आणि रोज सायंकाळी ‘काम कुठपर्यंत आले’ याचा फोटो मागवतो. वास्तविक ओले लाकूड वाळवण्यासाठी जाडीच्या दर इंचाला सुमारे एक वर्ष, हा सुतारकामातील जुना ठोकताळा आहे. उष्ण हवेत तो कमी होतो, पण श्रावणात सांगून भाद्रपदात मिळण्याइतका नव्हे. घाईने कोरलेले लाकूड पुढे यजमानाच्या घरी वाळते आणि तेथे तडकते. लाकूड वर्तुळाकार कड्यांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या सुमारे निम्मेच गाभ्यापासून सालीकडे आकसते. या असमानतेमुळे फट नेहमी उभी पडते आणि ओंडक्याचा मध्य मूर्तीत आलेला असल्यास ती नेमकी देवाच्या चेहऱ्यातून जाते. न्यू जर्सीतील मराठी कुटुंबाने चेन्नईहून नेलेल्या मूर्तीला हा अनुभव पहिल्याच हिवाळ्यात येतो, कारण दमट किनाऱ्यावरून ती अशा घरात पोहोचते जेथे तापवलेल्या कोरड्या हवेत लाकडातील ओलावा सहा ते आठ टक्क्यांपर्यंत उतरतो. तेथे मूर्तीजवळ पाण्याचे भांडे ठेवावे. ते तीर्थ समजले गेले तरी बिघडत नाही.

आता मुख्य अडचण. मराठी घरातील देवपूजेचा कणा स्नान हा आहे. अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि कुलदैवतांचे टाक, म्हणजे आकृती ठोकून उठवलेले चांदीचे पत्रे, सकाळी ताम्हनात एकत्र येतात, त्यांच्यावर पळीने पाणी आणि सणावारी पंचामृत पडते, आणि मग ते पुसून जागेवर जातात. धातूला हा दिनक्रम मानवतो. लाकूड मात्र भिजले की फुगते, वाळले की आकसते, आणि मध व साखर यांच्या रूपाने त्याच्यावर मुंग्यांचे जे आमंत्रण लिहिले जाते ते कितीही पुसले तरी वाचता येते. भागवताने हे ओळखून त्याच अध्यायात लेपाच्या प्रतिमांना स्नानातून वगळले असून त्यांच्यासाठी परिमार्जन, म्हणजे केवळ पुसणे, सांगितले आहे, आणि रंगवलेल्या लाकडालाही हाच न्याय लावणे शहाणपणाचे होय. परंतु ज्या घरात ‘नुसते पुसले’ हे पूजा टाळल्याचे लक्षण मानले जाते, तेथे पुरीचा मार्ग उपयोगी पडतो. तेथील लाकडी विग्रहांचे रोजचे स्नान आरशातील प्रतिबिंबाला घातले जाते. यजमानाने ताम्हनात आरसा ठेवावा, मूर्ती त्यात दिसेल अशी बसवावी आणि पाणी प्रतिबिंबावर सोडावे. प्रतिबिंब फुगत नाही. खरे स्नान पुरीत ज्येष्ठ पौर्णिमेला 108 कलशांनी होते, आणि त्यानंतर देवांना ताप येतो असे मानून पंधरवडाभर दर्शन बंद ठेवतात; या ‘अणसर’ काळात विग्रहांची डागडुजी आणि रंगकाम उरकले जाते. एखाद्या श्रद्धाळू आत्याबाईंनी यजमानाच्या अनुपस्थितीत मूर्तीवर पंचामृत ओतलेच, तर हाच दाखला देऊन देव आजारी असल्याचे जाहीर करावे आणि मूर्ती पंधरा दिवस सावलीत वाळत ठेवावी. आत्याबाईंना काढ्याचा नैवेद्य करण्यास सांगितल्यास त्याही कामात राहतात.

कांचीपुरमच्या अत्ती वरदराजाचे उदाहरण देऊन कोणी प्रतिवाद करील, म्हणून त्याचाही परामर्श घेतला पाहिजे. औदुंबराच्या लाकडाचा हा विग्रह अनंतसरस या पुष्करिणीत पाण्याखाली ठेवलेला असून चाळीस वर्षांतून एकदा बाहेर काढतात. 1979 नंतर तो 2019 साली 48 दिवस दर्शनासाठी आला. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा आणि हवा दोन्ही लागतात, आणि खोल पाण्यात हवा पुरेशी मिळत नाही. थोडक्यात, लाकडाला पूर्ण कोरडे किंवा पूर्ण बुडालेले राहणे मानवते. स्वयंपाकघरातील देव्हारा, ज्याच्या एका बाजूला कुकरची वाफ आणि दुसऱ्या बाजूला फोडणीचा धूर असतो, त्याला यांतले एकही साधत नाही. यजमानाने यावरून मूर्ती इमारतीच्या पाण्याच्या टाकीत ठेवण्याचा निष्कर्ष काढू नये. त्याऐवजी बाहेरच्या खोलीत, ऊन थेट न येणारी, भिंतीपासून चार बोटे सुटी अशी जागा द्यावी, निरांजन हातभर दूर ठेवावे, आणि बैठकीखाली पिठासारखा बारीक भुसा दिसू लागल्यास तो अंगारा न मानता घुणाची, म्हणजे लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची, खूण मानावी.

शेवटी जीर्ण अथवा खंडित मूर्तीची व्यवस्था. विसर्जनाचा सर्वपरिचित मार्ग येथे चालत नाही, कारण लाकूड तरंगते, आणि मुठेत सोडलेला विष्णू पुढच्या पुलापर्यंत यजमानाकडे पाहत जातो. पुरीत जुने विग्रह मंदिराच्या आवारातच, कोइली वैकुंठ या जागी, भूमीत ठेवतात. सदनिकेतील यजमानाकडे भूमी म्हणून काही कुंड्या असतात. अग्नि पुराणाने दगडाला जल आणि लाकडाला अग्नी अशी विभागणी केली आहे, मात्र ते लिहिले गेले तेव्हा मूर्तीला मेलामाइन पॉलिश मारत नसत, त्यामुळे आधी थर पूर्ण खरवडून काढावा आणि गच्चीवर काही पेटवण्यापूर्वी सोसायटीच्या सचिवांची लेखी परवानगी घ्यावी. तळाला जाणारा अपवाद रक्तचंदनाचा. त्याचा गाभा पाण्यापेक्षा जड असतो. परंतु या लाकडाची तस्करी रोखण्यासाठी आंध्र प्रदेशात स्वतंत्र कृती दल नेमलेले आहे, तेव्हा रात्री अकरा वाजता कापडात गुंडाळलेले रक्तचंदन नदीत सोडताना यजमानाने मूळ खरेदीची पावती खिशात ठेवावी.