चौसष्टबिटी गृहस्थ

केळीवाले, कापूसवाले, सराफ आणि मास्तर या खानदेशातील जुन्या नमुन्यांच्या पंगतीत अलीकडे जो एक नवा नमुना येऊन बसला आहे, त्यास सोयीसाठी ‘चौसष्टबिटी गृहस्थ’ म्हणता येईल. पुण्याच्या कंपनीची नोकरी तो जळगावात किंवा धुळ्याच्या देवपुरात घरी बसून करतो. पोस्टग्रेस या डेटाबेसला, म्हणजे माहितीच्या कोठाराला, बाहेरून जोडावयाच्या खोल्या, ज्यांस एक्स्टेंशन म्हणतात, सी भाषेत बांधून देणे हा त्याचा व्यवसाय, आणि मोठा आकडा दिसताच तो मावणार कशात, ही त्याची पहिली चिंता होय.

ही चिंता निराधार नाही. उणे-अधिक चिन्हासह बत्तीस बिटांच्या, म्हणजे शून्य-एकच्या बत्तीस घरांच्या, पूर्णांकात 2,14,74,83,647 पर्यंतचीच संख्या मावते. त्यामुळे सराफाची उलाढाल पैशांत नोंदवली, तर सव्वादोन कोटी रुपयांच्या अलीकडेच माप भरते, आणि 2010 साली नंदुरबारच्या टेंभलीत ज्या आधारचा श्रीगणेशा झाला, त्याचा बारा आकडी क्रमांक तर उंबऱ्यातच अडखळतो. पोस्टग्रेस प्रत्येक मूल्य ‘डेटम’ नावाच्या बंद पाकिटातून पाठवते, ते कोणत्या मापाने फोडायचे हे लिहिणाऱ्यावर असते, आणि तीनशे कोटींचे पाकीट बत्तीसच्या मापाने फोडले, तर हाती उणे 129 कोटी 49 लाख 67 हजार 296 येतात, तेही बिनतक्रार. सराफ निदान कुरकुरला असता. आधी बेरीज करू आणि ती उणे झाली का ते मग पाहू, हे शहाणपणही टिकत नाही; कारण अशी बेरीज मापाबाहेर गेल्यास काय व्हावे हे सी भाषेने ठरवलेलेच नाही, आणि तसे घडणारच नाही असे गृहीत धरून कंपायलर, म्हणजे आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरवणारा कारकून, ती तपासणीच खोडून टाकू शकतो. म्हणून हा गृहस्थ आधी तपासतो, मग मिळवतो. लग्नघरी भरिताला वांगी किती आणायची, असे मामांनी विचारले, की तो पातेल्याचे माप विचारतो. “भागेल रे भाऊ,” हे मामांचे उत्तर त्यास असभ्य वाटते. महिनाअखेरची त्याची स्वतःची शिल्लक सोळा बिटांत, म्हणजे 32,767 च्या आत, सुखाने मावते, हा भाग वेगळा.

भास्कराचार्यांची आठवण सांगणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे, म्हणून तो सहकुटुंब पाटणादेवीला जातो. त्यांच्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थाने सांगितली आहेत, परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये, आणि असे 92 परार्ध चौसष्ट बिटांत बसतात, हा हिशेब तो देवळाच्या पायरीवर मुलांना समजावतो व बाराव्या शतकालाही आपले माप पुरले असते म्हणून प्रसन्न होतो. परतीची काळीपिवळी नऊ जणांच्या परवान्याची असते आणि आत तेरा बसलेले असतात. “सरका जरा, अजून चार बसतील,” असे ड्रायव्हर म्हणतो, आणि चौसष्टबिटी गृहस्थ काहीही न मोजता, लेकीला मांडीवर घेऊन, एक पाय बाहेर ठेवून बसतो.