सारा दोष उन्हाचा

गर्भधारणेची पहिली वर्दी देणारे संप्रेरक म्हणजे एचसीजी. गर्भाशयात रुजू लागलेल्या गर्भाच्या बाहेरच्या पेशी ते तयार करतात. सुरुवातीला रक्तातली त्याची पातळी दोन-तीन दिवसांत दुप्पट होते. औषधाच्या दुकानातली पट्टी लघवीत तेच शोधते. नागपुरात ही बातमी पट्टीच्या आधी स्वयंपाकघरात फुटते. शेजारी सावजी रस्सा उकळू लागला, की कालपर्यंत पोह्यांवर तर्री वाढवून घेणारी बाई नाकाला पदर लावून अंगणात पळते. सासूबाईंच्या मते ऊन लागले, नवऱ्याच्या मते पोहे बाधले. दहाव्या आठवड्याच्या सुमारास एचसीजी शिखर गाठून उतरू लागते आणि बहुतेकींची मळमळही पुढे ओसरते. त्यामुळे आळ बरीच वर्षे त्याच्यावरच होता. २०२३ मध्ये ‘नेचर’मधल्या संशोधनाने जीडीएफ-१५ या दुसऱ्याच संप्रेरकाकडे बोट दाखवले. उन्हाचे नाव तेव्हाही निघाले नाही.

प्रोजेस्टेरॉन पहिले सात-आठ आठवडे अंडाशयातला पीतपिंड पुरवतो, मग वार ते काम हाती घेते. हिवाळी अधिवेशनाला सरकार मुंबईहून नागपुरात येते तसाच हा कारभार हलतो. फक्त परत जात नाही. गर्भाशयाचे स्नायू शांत ठेवणे हे प्रोजेस्टेरॉनचे काम. पण ते शेजारपाजारही शांत करते: जठराचे तोंड सैल पडून छातीत जळजळते, आतडी सुस्तावतात. सुरुवातीच्या महिन्यांत अंगाचे तापमानही ते अर्ध्या अंशापर्यंत चढवते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडत असताना या अर्ध्या अंशाला कोण विचारतो? कूलरसमोरची खाट तिला मिळते, पण उन्हाच्या नावाने.

इस्ट्रोजेन शेवटपर्यंत चढत राहते. त्यातल्या इस्ट्रिऑलचा कच्चा माल मुख्यतः बाळाच्या अधिवृक्क ग्रंथींतून येतो. बाळ घरखर्चाला असा हातभार पुन्हा लावते, ते बऱ्याच वर्षांनी. तेही लावला तर.

वारेतूनच येणारे लॅक्टोजेन आईच्या शरीराला इन्सुलिनला फारशी दाद देऊ देत नाही. साखर बाळासाठी शिल्लक राहावी म्हणून. ती आईच्या रक्तात जास्त तर साचत नाही ना, हे पाहायला २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. सातव्या महिन्यातले डोहाळजेवण नेमके याच्या आगेमागे येते. तिथे पुरणपोळी, संत्रा बर्फी, शिवाय वाटीखाली झाकलेला पेढा असतो, आणि ग्रॅम कुणी मोजत नाही.

प्रोलॅक्टिन दहापट किंवा त्याहून जास्त वाढते, तरी प्रोजेस्टेरॉन दुधाला अडवून धरते. वार पडली, की प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन काही दिवसांतच कोसळतात. दोन ते चार दिवसांत दूध उतरते आणि त्याच सुमारास डोळेही भरून येतात. ‘काहून रडून राहिली?’ या प्रश्नावर नजर, पाहुणे, डिंकाचे लाडू अशी उत्तरे घरात तयार असतात. बाळंतपण डिसेंबरात झाले असेल, तर थंडी. हे रडू बहुधा दोन आठवड्यांत थांबते; त्यापुढे टिकले तर डॉक्टरांना दाखवावे लागते.