पान कोणतं?

'एआयआर १९७३ एससी १४६१.' देशातल्या कुठल्याही न्यायालयात वकिलाने एवढं म्हटलं की पुरे. साल १९७३, सर्वोच्च न्यायालय, पान १४६१. केशवानंद भारती खटल्याचा निकाल. न्यायमूर्ती पान उघडतात आणि वकील खरं बोलतोय का, ते जागीच कळतं.

हे 'ऑल इंडिया रिपोर्टर' निघतं कुठून? नागपुरातून, काँग्रेसनगरातून. व्ही. व्ही. चितळे यांनी उभं केलेल्या या नियतकालिकात १९१४पासूनचे निकाल सापडतात. संदर्भ नेमका कसा द्यावा, हे देशभरच्या वकिलांच्या तोंडी बसवणारं शहर आपलं.

आता याच शहरातला, नाहीतर राज्यातल्या कुठल्याही शहरातला पीएच.डी.चा प्रबंध उघडा. 'अमुक (२०१२) यांच्या मते...' पुस्तक चारशे पानांचं. मत कोणत्या पानावर आहे? पत्ता नाही.

शेवटी संदर्भसूची मात्र लांबलचक. तिच्यातलं कोणतं पुस्तक कोणत्या विधानाला आधार देतं? सूचीवरून ते कधीच कळत नाही. ते ज्या त्या वाक्याशीच सांगावं लागतं.

आडनाव, साल, पान. वाक्य संपतं तिथे, कंसात. यात अवघड काय आहे?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणी रद्द. हेतू चांगलाच होता. पण आता विद्यार्थी विचारतो काय? 'सर, किती टक्के आलं?'

सॉफ्टवेअर शब्द जुळवून बघतं. शब्द फिरवले की टक्के उतरतात. विचार ज्याचा होता त्याचाच राहतो, फक्त त्याचं नाव गळतं. अशा चोरीला टक्केवारी पकडत नाही.

दुसरी खोड न वाचलेल्या ग्रंथांची. मार्क्स वाचला गाईडमध्ये आणि कंसात लिहिलं 'मार्क्स (१८६७)'. गाईडवाल्याने चूक केली असेल, तर ती आता मार्क्सच्या नावावर. मूळ लेखक कोण आणि आपल्याला तो कुणाच्या पुस्तकात भेटला, दोन्ही लिहायला लाज कसली?

संदर्भ गाळला की कष्ट वाचतात, असं वाटतं. वाचत नाहीत. दुसऱ्याच्या डोक्यावर जातात.

बाबासाहेबांचा 'द बुद्ध अँड हिज धम्म' त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथात वाक्यांना क्रमांक होते, मूळ पाली संदर्भ नव्हते. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना ते त्रिपिटकातून हुडकून जोडले. पुढे नागपूरचेच वसंत मून संपादक असलेल्या शासकीय ग्रंथमालेत पाली आधारांची स्वतंत्र पुरवणी निघाली.

बाबासाहेबांना कौसल्यायन लाभले. तुमच्या प्रबंधाला कोण लाभणार?

आता तर यंत्रच संदर्भ रचून देतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले खटले न्यायालयापुढे ठेवले. विरुद्ध बाजूने शोधले, तर ते खटले कधी झालेच नव्हते. ५,००० डॉलर दंड बसला. ते पकडले गेले, कारण त्यांनी निदान नावगाव तरी दिलं होतं. 'अनेक विद्वानांच्या मते' असं लिहिणाऱ्याला कोण पकडणार?

म्हणून हा आग्रह. लेखकाच्या शब्दावर विसंबून न राहता स्वतः तपासून बघणं हा वाचकाचा हक्क आहे. पान गाळणारा तो हक्कच काढून घेतो.

मार्गदर्शकांनो आणि परीक्षकांनो, तोंडी परीक्षेत एवढंच करा. प्रबंधातले कोणतेही तीन संदर्भ निवडा आणि विद्यार्थ्याला ती पानं काढून दाखवायला सांगा. दाखवली, तर पुढचे प्रश्न विचारा. नाही दाखवली, तर प्रबंध परत करा.